पाटलीचा आवाज

श्रूजबरीच्या घराचं बेसमेंट आवरताना एका बॉक्समधून अर्ध्या बाह्यांचे दोन वेटसूट निघाले. रबराचा तो कडवट वास आला आणि सेंट क्रॉय बेटाजवळचा समुद्र आठवला.

पाण्यात डुबकी मारण्याआधी बोटीवर डायव्हिंगच्या इन्स्ट्रक्टरने दागिने काढायला सांगितले होते. मी बाकी सगळं काढलं, पण हातातली पाटली काही निघेना. "राहू दे गं," सुधीर म्हणाला, "बघू दे माशांनाही आपल्या लग्नातलं सोनं."

खाली प्रवाळांचं पठार होतं, केशरी, जांभळं, माशांनी गजबजलेलं. मग ते एकदम संपलं. तिथून सरळ खोल जाणारी भिंत आणि समोर नुसता निळा रंग. सुधीर एका कासवामागे भिंतीलगत उतरत राहिला, ठरलेल्या खोलीच्याही खाली. पाण्यात हाक मारता येत नाही. मी हात मागे नेऊन पाटली पाठीवरच्या हवेच्या टाकीवर आपटली. टण्, टण्.

पाण्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. तो दचकून थांबला. त्याने खाली बघितलं, भिंतीकडे बघितलं, मी सोडून सगळीकडे बघितलं. मला त्याचा रागच आला. शेवटी त्याने वर बघून हात हलवला, जसं काही झालंच नव्हतं.

पाटलीला तेव्हा पडलेला पोचा अजून आहे. सुधीरला जाऊन बरीच वर्षं झाली. आज वेटसूट घेऊन जिना चढताना पाटली लोखंडी कठड्यावर आपटली. टण्.

मी थांबले आणि सगळीकडे बघितलं.