मेसेजमधून गेलेलं गाव

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत माझी आई पहाटेच टोपली घेऊन जंगलात जाते. कितीही डोकं फोडा, ऐकत नाही. ती मानते फक्त आमचा मेसेज. वाघ दिसला की चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसातून त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर सूचना जाते. त्यात आपल्या गावाचं नाव असलं की आई गुपचूप टोपली ठेवून देते.

जंगलाच्या प्रत्येक पट्ट्याच्या मेसेजचा साचा डेटाबेसमध्ये असतो, धोक्यातल्या गावांच्या नावांसकट. नावं ठळक दिसावीत म्हणून कोणीतरी शहाण्यानं प्रत्येक नावाच्या मागंपुढं कोनी कंसातला कोड घातला होता. साध्या फोनवर तो कोडच नावाला चिकटून यायचा. लोक वैतागले. मग आमच्या सरांनी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारं सूत्र, लिहिलं: कंस उघडतो तिथून बंद होईपर्यंत सगळं पुसायचं. "एका ओळीचं काम आहे," म्हणाले, अन् थेट चालू डेटाबेसवर चालवून घरी गेले. प्रतीवर तपासायचे कष्ट कोण घेणार?

सकाळी ऑफिसात मी पहाटे गेलेले मेसेज पाहिले. असं एक्स्प्रेशन, त्याला आवर घातला नाही तर, पहिल्या बंद कंसाशी थांबत नाही. ओळीतल्या पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत सगळं खातं, मधल्या नावांसकट. आमच्या पट्ट्यातलं शेवटचं गाव, नदीपलीकडचं, मागाहून कोडाशिवाय घातलेलं. तेवढंच नाव शिल्लक राहिलं होतं. पहाटेच्या मेसेजात वाघ फक्त नदीपलीकडं होता. मी बॅकअपमधला जुना साचा उघडला. पुसलेल्या नावांत पहिलं नाव आमच्या गावाचं होतं.

आईचा फोन वहिनीनं उचलला. "आत्याबाई तं मोहा येचाले गेल्या. मेसेज वाचूनच गेल्या."

माणसं घेऊन धावा, एवढंच मला सांगता आलं. मग सरांना फोनवर जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. नोकरी गेली तर गेली, असं वाटत होतं. स्क्रीनकडं बघवत नव्हतं.

शेवटी आईचाच फोन आला. "खाली वाकून येचून राह्यली होती. वर पाह्यलं तं समोरच बसला होता. टोपली तिथंच टाकली, मागं मागं सरकत आली."

"तुले कोणी सांगितलं होतं जायले?" मी ओरडलेच.

"तूच तं," ती म्हणाली. "तुहाच मेसेज होता ना, नदीच्या पल्याड हाय म्हणून."