आजोबांची शांतता

टोकियोतल्या आमच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत ना पुजारी, ना प्रवचन. रविवारी तासभर सगळे गप्प बसतात, एवढंच. या गप्प बसण्याची राखण एक जपानी आजोबा करतात. टिकटिक नको म्हणून ते भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून खिशात ठेवतात. कुणी खोकलं, की डोळे न उघडता त्या दिशेला खोकल्याची गोळी पुढे करतात.

मुलांनाही पूर्ण तास बसू द्यावं, असं आम्ही काही जण तीन वर्षं म्हणत होतो. इथे मतदान नसतं. एकाचंही मन मानत नसेल तर विषय थांबतो. दर वेळी आजोबा कमरेत वाकून म्हणायचे, "अजून थोडं थांबू या."

गेल्या महिन्यात सभेचा वर्धापनदिन झाला. त्या दिवसापुरती मुलंही आत होती. जुने फोटो पाहिले, त्यांतही सगळे गप्पच. मग मुलांचा विषय पुन्हा निघाला आणि ठरवण्याआधी आम्ही शांत बसलो. तेवढ्यात माझ्या चार वर्षांच्या लेकीने सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या कडक बिस्किटांचा, पुडा फोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी डोळे उघडले आणि हात पुढे केला. तिने "दोझो", म्हणजे "घ्या ना", म्हणत एक दिलं. त्यांनी ते सगळ्यांदेखत कडाडकन चावलं, सावकाश संपवलं आणि म्हणाले, "माझी हरकत नाही."

पुढच्या रविवारी ते तिच्यासाठी खाऊ घेऊन आले. मऊसूत केक, कागद घरीच काढून आणलेला.