दुसरा कुकारो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून हसते. आता माझाच अनुभव वाचून कुणी हसलं, तर माझी तक्रार नाही.

मी बी.एस्सी. आहे, इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, बाबाही रापणीवर... डिग्री फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या ओळीत लावली आहे आणि बाबा रोज तिलाही उदबत्ती ओवाळतात. मला त्याची लाज वाटत नाही, उलट बरंच वाटतं. मालवणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. लाँचवरचे वायरलेस, फिश-फाइंडर, भजनी मंडळांचे अँप्लिफायर. वस्तू बोलत नसेल तर कुठेतरी कनेक्शन सुटलंय आणि नको ते बोलत असेल तर अर्थिंग गेलंय — आजवर या दोन निदानांवर माझं भागत आलं होतं.

घर देवबागला. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये आम्ही. आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून इनासमामांचं घर. मामा बीटबँडमधले गिटारिस्ट. गोव्यात लग्नं, हॉटेलं, चर्चची फेस्तं — महिन्यातले निम्मे दिवस तिकडेच. परत यायचे ते वेंगुर्ल्याच्या बाजूने, खाडीच्या पलीकडच्या काठावर उतरून होडीने. काठावर उतरले की आधी कुकारो घालायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कुकारो म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली ‘कूऽऽ’ अशी हाक. पाणी शांत असेल तर ती खाडी ओलांडून येते.

आता आमच्याकडे एक समजूत आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूतखेत एकदाच हाक मारतं, माणूस असेल तर पुन्हा मारेल. ही समजूत हिंदूंची की ख्रिस्त्यांची ते विचारू नका, खाडीच्या दोन्ही बाजूंना सगळेच पाळतात. मामांची बायको रोजामामी तर फारच पाळायची. पहिला कुकारो आला की ती परसात हातातलं काम थांबवून उभी राहायची, पण गप्प. मग दुसरा यायचा — लांबलचक, वर चढत जाणारा आणि अगदी शेवटी चिरकणारा. तेव्हा कुठे मामी ‘ओऽऽऽ’ द्यायची. होडीतून उतरल्या उतरल्या मामांचं ठरलेलं वाक्य असायचं, “पयल्याक ओ देवक काय झाला गो? मी काय खवीस आसंय?”

लहानपणापासून मी हे ऐकत आले. त्या चिरकण्यावरून मामांचा कुकारो आम्ही पोरं डोळे मिटून ओळखायचो.

गेल्या वर्षी मामांना स्ट्रोक आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. हूं नाही की चूं नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, बोलतं ठेवा, सुधारणा होऊ शकते — पण माणसाला स्वतःला काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. मामांना काही नको होतं. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. पेजेचा चमचा तोंडाजवळ नेला की ओठ मिटून घ्यायचे. पावसाळा संपेपर्यंत माणूस निम्मा झाला.

एक दिवस मामीने मला हाक मारून एक खोका पुढ्यात ठेवला.

“दर्शू, ह्या घेवन जा गो. तेका बघवणा नाय. काल गिटारीर चादर घालून घेतल्यान माझ्याकडसून.”

खोक्यात मामांचे पेडल होते. पेडल म्हणजे वहीच्या अर्ध्या आकाराचा लोखंडी डबा. गिटारचा आवाज एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बदलून बाहेर येतो. पायाने दाबून चालू-बंद करायचा, म्हणून पेडल. कुठला आवाज फाडतो, कुठला लाटेसारखा फिरवतो, कुठला डोंगरात हाक मारल्यासारखा परत परत ऐकवतो. मामांकडचे सगळे जुने, अॅनालॉग. आत कॉम्प्युटरची चिप वगैरे काही नाही, आम्ही शिकलो तीच सर्किटं. दोन तर मीच मागे सोल्डर करून दिलेले.

घरी आणून टेबलावर मांडले आणि डोक्यात आलं... मामांचा उजवा हात नाही म्हणून गिटार नाही. पण डावा हात आहे ना? आणि या डब्यांना गिटार लागतेच असं कुणी सांगितलं?

मॉड्युलर सिंथेसायझर नावाचं एक वाद्य असतं. त्याला ना पट्ट्या ना तारा. नुसते बटणांचे डबे, एकमेकांना वायरींनी जोडलेले. बटण फिरवा, वायर बदला, आवाज बदलतो. मी ते फक्त व्हिडिओत पाहिलेलं. पण तत्त्व सोपं आहे. माईक स्पीकरसमोर धरला की कसा किंचाळतो, तसंच. शेवटच्या पेडलचा आवाज पुन्हा पहिल्याच्या पोटात सोडला की रिंगण तयार होतं. सर्किटात जी बारीक खरखर असते ती त्या रिंगणात फिरून फिरून मोठी होते आणि डबे आपले आपणच गायला लागतात. मामांच्या एको पेडलला, आवाज परत परत ऐकवणाऱ्या, दोन आउटपुट होते. एक मागे पहिल्या पेडलला जोडलं, दुसरं माझ्या चार्जिंगवाल्या छोट्या स्पीकरला. पेडलांत नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं मामांच्या पुढ्यात, मासळीच्या उलट्या क्रेटवर मांडलं आणि सुरू केलं.

जो काही आवाज निघाला...! मामी स्वयंपाकघरातून कपाळ-छातीला क्रूस करत धावत आली. “गे सायबिणी! रेडो कापतस काय गो? वशाड पडो तुझ्या बीएस्सीर!”

आणि मामा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मामी क्रूस करता करता तशीच थांबली.

मी मामांचा डावा हात एकोच्या बटणावर ठेवला. त्यांनी ते जरासं फिरवलं. आवाज वर सरकला. उलटं फिरवलं, खाली आला. त्यांनी भिंतीकडची मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं बटण... मग तिसरं. त्या संध्याकाळी वाटीभर पेज संपली. मामीने मला गडग्यावरून वाटी उपडी करून दाखवली, जसं पोरांच्या आया दाखवतात तसं.

मग रोजचंच झालं. दुकान बंद करून मी थोडा वेळ तिकडे बसायचे. मामा त्या डब्यांतून काय काय काढायचे — लाँचचं इंजिन, पावसाचा पत्रा, बँडातला कर्णा. मला वाटायचं, संगीत चाललंय. पण हळूहळू लक्षात आलं, ते दरवेळी शेवटी एकाच जागी येतात. तीन बटणं आळीपाळीने, केसभर इकडे, केसभर तिकडे. खालून आवाज उचलायचा, वर न्यायचा, आणि तो फाटला की मान हलवून सोडून द्यायचा. पुन्हा पहिल्यापासून. काहीतरी शोधत होते. मी विचारायचे, “मामा, काय होया तुमका? वायर बदलूया?” ते नुसता हात हलवायचे. थांब, अशा अर्थी.

आता त्या दिवसाचं सांगते.

पलीकडच्या काठावर मामीच्या बहिणीकडे भाचीचा रोस होता. लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात तो कार्यक्रम. स्ट्रोकनंतर मामी एकदाही घर सोडून गेली नव्हती. मीच भरीस घातलं, रविवार आहे, मी बसते. होडीत चढेपर्यंत तिच्या सूचना चालूच. “पेज निवव. तेका पाणी उपडा देव नको, चमच्यान दी. आणि ता रेड्याचा यंत्र जास्त वाजवू नको, डोक्याक लागात.”

मामा पडवीतून होडी दूर जाताना बघत होते. मामी एकदाही मागे न वळता गेली. ती रडत असणार हे मलाही कळलं आणि मामांनाही.

थोडा वेळ पेडल वाजले आणि स्पीकरची बॅटरी संपली. पडवीतला सॉकेट जळलेला, म्हणून मी स्पीकरची वायर काढली आणि तो आत स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. मामांना सांगितलं, “मामा, वाईच थांबा, आवाज येवचो नाय आता.” त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेडलांचे लाल दिवे चालूच होते, बटणांवरचा हातही चालूच. म्हटलं, राहू दे, हाताला व्यायाम.

भर दुपार. वारा पडलेला. मी चुलीपाशी पेज ढवळत होते, शेजारी ओट्यावर स्पीकर, बंद. आणि पडवीतून कुकारो आला.

एकच. आखूड.

चमचा हातात तसाच. पहिला विचार काय आला सांगू? मामांची वाचा आली! तशीच पडवीत धावले. मामा क्रेटपुढे बसलेले, डोळे खाडीवर, ओठ घट्ट मिटलेले. डावा हात एकोच्या बटणावर. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, चमचा लांबवला तर हनुवटीला लागेल इतकी जवळ. “मामा... तुमी हाक मारलात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बटण हळूच फिरवलं.

आणि दुसरा कुकारो उठला. लांब, चढत जाणारा... आणि अगदी शेवटी चिरकला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले नाहीत. गळ्याची घाटी हलली नाही. स्पीकरची वायर माझ्या पावलाशी जमिनीवर पडलेली, तिचं टोक मोकळं. आवाज कुठून आला विचाराल तर नेमकं बोट ठेवता येणार नाही — डब्यांतून नाही, मामांतून नाही, पण त्या दोघांच्या मधून कुठून तरी.

मग खाडीपलीकडून, बारीक, पण स्पष्ट...

“ओऽऽऽऽ!”

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

तासाभरात मामी होडीने परत. केसांना लागलेला रोसाचा रस तसाच, पायांत चपला नाहीत. मी काही सांगायच्या आधीच ती मामांसमोर उभी राहिली. “पयल्याक गप ऱ्हवलंय. बहीण म्हणता, वारो आसा. मगे दुसरो इलो. माझ्या घोवाची हाक माका कळाची नाय?” मागून होडीवाला पिशवी घेऊन आला आणि साधेपणाने म्हणाला, “बाब बरे झाले मां? मी वल्ह्यार होतंय, आयकलंय.”

त्यानंतर जे जे शिकले होते ते सगळं करून पाहिलं. बटणं जिथे होती तिथे नेलपॉलिशच्या खुणा केल्या, तेच रिंगण तसंच जोडलं, स्पीकर काढून ठेवला. आवाज शून्य. स्पीकर लावून केलं तर नुसती गुणगुण. शेजारच्या होमस्टेत गाणी लागली होती का, तेही विचारलं. पाहुणे स्कूबाला गेलेले, स्पीकर बंद. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, स्ट्रोकनंतर कधी कधी शब्दांच्या आधी हाक परत येते, शिवी परत येते. पहिल्या कुकाऱ्याला हे उत्तर मी मान्य करते, कारण तेव्हा मी आत होते. दुसऱ्याला नाही. दुसऱ्याला मी समोर होते.

आणि स्पीकर जरी लावलेला असता, तरी तो जेवणाच्या डब्याएवढा. पडवीतला आवाज माझ्या घरापर्यंत धड पोचत नाही, खाडीपार कसला जातो? बाबा म्हणतात, “आता फ्रेम काढून ठेवया काय गो?” मी म्हटलं, अजिबात नाही. डिग्री खरी आहे. ऐकलं तेही खरं आहे. दोन्ही त्याच भिंतीवर राहतील.

तो कुकारो पुन्हा कधी आला नाही. मामाही आता तो शोधत नाहीत. आवाज काढतात, पण त्या एका जागी जात नाहीत. मात्र जेवू लागलेत, व्यायामाला कुरकुर नाही, आणि अलीकडे तोंडात एक अक्षर आलंय. एकच. डॉक्टर म्हणतात, चांगली सुरुवात आहे.

काल संध्याकाळी गडग्यावरून मी बघत होते. मामा पडवीत क्रेटपुढे. मामीने आतून हाक मारली, “इनास, जेवक ये रे!”

मामा गप्प. ऐकू आलं होतं, कारण बटणावरचा हात थांबला होता. तोंडाच्या एका बाजूला हसू.

मामी कमरेवर हात ठेवून दारात आली. “ओ देवक काय झाला? मी काय खवीस आसंय?”

मामा मजेत थांबले. मामीने दुसऱ्यांदा हाक मारली.

“ओ,” मामा म्हणाले.