साडूचा फिरकीचा तांब्या

माणसाने जगात कोणाचाही हेवा करावा, साडूचा करू नये. परक्याचा हेवा चार दिवसांत विझतो. साडू मात्र दर आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीत समोर येऊन बसतो, आणि विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर पडते.

माझी सासुरवाडी एरंडोलजवळच्या एका खेड्यात. मी जळगावला कापसाच्या पेढीवर कारकून, थोरला साडू धुळ्याला कचेरीत. आखाजीला पोरी माहेरी यायच्या, झाडाला झोके बांधून गाणी म्हणायच्या. आम्ही जावई सासऱ्यांबरोबर निंबाखाली पत्ते कुटायचो. तोवर आम्ही दोघेही सारख्याच किमतीचे जावई होतो.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. त्या आखाजीला साडू आदल्या दिवशीच उतरला आणि सणाला निंबाखाली एक बाटली घेऊन आला. साहेबांच्या क्लबातल्या बटलरशी त्याची दोस्ती होती. "कॉकटेल!" तो म्हणाला, आणि तो शब्द त्याने असा उच्चारला की पत्ते हातातच राहिले. मग त्याने पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. यात्रेला जाताना लोक नेतात ना, आट्यांचं झाकण असलेला, तोच. त्यात दोन माप जिन, एक माप लिंबाचा रस, एक माप साखरेचा पाक. त्या सकाळी धुळ्याहून मोटारीने लाकडाच्या भुशात गुंडाळून मागवलेला बर्फ वाटेत वितळून सुपारीएवढा उरला होता, तोही आत टाकला. झाकण फिरवलं आणि तांब्या कानाशी धरून असा हलवला, की मला वाटलं आता अंगात येणार.

एक घोट घेतला, आणि काय सांगू, चांगलं होतं हो! आधी आंबट, मागून गोड, आणि ती दोघं भांडायला लागायच्या आत जिन मधून हळूच निसटून छातीत जाऊन बसलेली. कोणीच कोणावर कुरघोडी करत नव्हतं. कुरघोडी करायची होती ती फक्त मला.

सासऱ्यांनी मिशा पुसल्या. "पाव्हना, हाई ते अमृत शे! आते दर आखाजीले तुमनाच हातनं."

झालं. ग्लास भरायचा मान धुळ्याला गेला. घरातल्या बायकांना ते लिंबाचं सरबत आहे असं सांगितलं होतं, आणि बायकांना ते खरं वाटतं असं आम्ही धरून चाललो होतो. सासुरवाडीची अब्रू या दोन खोट्यांवर उभी होती.

जळगावला परत आलो ते पेटूनच. स्टेशनाकडच्या पारशाच्या दुकानातून बाटली आणली. आईचा काशीयात्रेचा फिरकीचा तांब्या फडताळातून काढला. दर रविवारी दुपारी दार लावून माझं नाटक सुरू. तेच माप, तीच लिंबं, तेच हलवणं. हलवण्यात तर मी साडूच्याही वरचढ. पण घोट घेतला की तोंडात तांब्याचा पैसा चाटल्यासारखी चव. साखर वाढवली, तर गोड पैसा. लिंबू वाढवलं, तर त्याहून वाईट. बायको दाराशी डाळ निवडत बसायची, माझं वाकडं तोंड बघायची आणि खडा बाजूला टाकायची.

शेवटी आखाजी तोंडावर आली आणि माझा धीर सुटला. "त्याच्या हातालाच चव आहे," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना जीव जाईल असं वाटलं होतं.

"अहो, तांब्याला कल्हई कधी केली होती?"

"कल्हईचा काय संबंध?"

"बिनकल्हईच्या पितळेत आंबट घालतं का कोणी? कळकणार नाही तर काय! दाजींचंही असंच कळकलं होतं. मागच्या आखाजीच्या आदल्या दिवशी माहेरी चुलीपाशी आले होते तोंड वाकडं करून. मी म्हटलं, तांब्याला कल्हई करून घ्या. त्यांचा पाकही गोळीबंद झालेला, तो मी सैल करून दिला."

वर्षभर ज्या चवीने माझी झोप खाल्ली, ती माझ्याच घरातून गेली होती!

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दाजींनी विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत कुठं?"

दुसऱ्याच दिवशी कल्हईवाला गाठला. आखाजीला निंबाखाली मी माझा चकचकीत तांब्या काढला, हलवला, सासऱ्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"वा! हाई ते धुळावाला पाव्हनासारखंच शे!"

साडूने माझी पाठ थोपटली. "शिकलात हं माझ्याकडून!"

खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण बोललो असतो तर सासऱ्यांसमोर त्यांची लेक दारूचा पाक जुळवते असं झालं असतं, आणि ती दोन्ही खोटी निंबाखालीच कोसळली असती. ओसरीवर बांगड्या वाजल्या. तोंडाला पदर लावून बायको हसत होती. मी ग्लास उचलला आणि सत्य पिऊन टाकलं. दुर्दैवाने तेही उत्तम जमलं होतं.

परतताना बैलगाडीत मी तोंड फुगवून बसलो होतो. एरंडोल दिसायला लागलं तेव्हा, मोठ्या कष्टाने, विचारलं, "त्यात अजून काही कमी होतं का?"

"चिमूटभर मीठ," ती लगेच म्हणाली. "पन्ह्यात घालतो तेवढंच. आंबट-गोड दोन्ही उठून येतं."

"तुला काय ठाऊक?"

"तांब्या मीच विसळते की. बोट लागतं."

गाडीवानाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी तिच्याकडे सरकलो. "हे मिठाचं साडूला सांगितलंस?"

"ते अजून विचारायला नाही आले."

पुढच्या आखाजीला पत्ते मी निंबाखाली खेळलो नाही. ऊन सोसत नाही असं सांगितलं, आणि दोन्ही दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलो.