तिकडची नोट

व्हिएतनामला निघण्याआधी बीडहून नेकनूरला आत्याकडे गेले. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. महिनाभराने तिचं हृदयाचं ऑपरेशन, म्हणून मी जायलाच तयार नव्हते. तिने हट्टाने पाठवलं. हातावर एकशे एक रुपये ठेवले आणि म्हणाली, "मला काय बी नगं. तिकडची एक नोट तेवडी आन."

आता पैशांचं, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. बीडमध्ये डोंग, म्हणजे तिथलं चलन, मिळत नाही. मी पुण्यातून डॉलर घेतले, तेही कोरे, कारण दुमडलेली नोट हनोईत नाक मुरडून बघतात. तीनशे डॉलर बँकेत मोडले आणि एका मिनिटात पाऊण कोटीची मालकीण झाले. हिशोब सोपा आहे: मागची तीन शून्यं झाका, उरलेल्याला साडेतीनने गुणा. शाकाहारी शेवयांचा वाडगा चाळीस हजार, म्हणजे एकशे चाळीस रुपये. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या, तेव्हा कप्पे वेगळे ठेवा. मी गणिताची शिक्षिका, तरी पहिल्याच दिवशी कॉफीवाल्याला पाच लाख देत होते. बिचाऱ्यानेच हात मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी कागदी वस्तूंच्या एका गल्लीत म्हातारीपुढे नोटांच्या गड्ड्या दिसल्या. अख्खी गड्डी दहा हजार डोंगला! आपल्याकडे नोटा बंद झाल्या, तशा या इथल्या बाद नोटा असणार, असं मी धरून चालले. म्हातारीने फोनवर काहीतरी लिहिलं, ते मराठीत उमटलं: "कोणासाठी? नाव?" मला कौतुक वाटलं. कौसाबाई, असं लिहून वर आत्याचा फोटोही दाखवला. फोटो बघून तिने मान झुकवली, गड्डीच्या पट्टीवर नाव लिहिलं आणि दोन्ही हातांनी मला दिली. घासाघीस करायला उघडलेलं तोंड तिचा चेहरा बघून मिटलं. शेजारी पत्र्याच्या डब्यात कुणी कागद जाळत होतं, राख माझ्या चपलांवर येऊन बसत होती.

परतल्यावर गड्डी आत्याला दिली. ती हातात धरून हसणाऱ्या आत्याचा फोटो बीडला आल्यावर हनोईतल्या लॉजच्या मालकिणीला पाठवला. उत्तर आलं ते असं: "या नोटा मेलेल्यांसाठी जाळतात. ज्याचं नाव, त्याला तिकडे पोचतात."

मिळेल त्या गाडीने नेकनूर गाठलं. गड्डी परत दे म्हटलं, तर आत्याने पत्र्याची पेटी उघडली. आत कोरं लुगडं, त्यावर फडक्याची पुरचुंडी. स्वतःच्या मातीसाठी ती त्यात पैसे साठवते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. गड्डी नेमकी त्याच पुरचुंडीत होती. मी रडत सगळं सांगितलं. ठेवूही देववेना, आणि जाळावी तर जाळल्यानेच पोचते.

आत्याने पुरचुंडीला पुन्हा गाठ मारली. "रडतीस कावून? मी तिकडचीच नोट मागितलती."

उद्या सकाळी तिला संभाजीनगरला न्यायचं आहे. दवाखान्याचे पैसे वेगळे काढलेत. तिने दिलेले एकशे एक रुपये अजून माझ्या पर्समध्ये आहेत. ते मी मोडणार नाही. ते इकडचे आहेत.