पाणीखात्यातला कादंबरीकार

एखाद्या पुस्तकाला कुणी 'हलकंफुलकं' म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. ज्या लेखकाबद्दल मी सांगतेय, त्या माणसाला आठ कादंबऱ्या लिहायला तीस वर्षं लागली. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. दिवसभर लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी नोंदवायच्या, संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करायचं आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायचं. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. नववी कादंबरी प्रकाशकाने परत पाठवली, आता असलं कुणी वाचत नाही म्हणून कळवलं. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला आणि त्याने एक ओळ लिहिली नाही. ही सगळी माहिती त्याच्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याच्या भाचीने लिहिलेल्या दीड पानात आहे. त्यापलीकडे त्याच्यावर कुणी काही लिहिलेलं मला मिळालं नाही.

मला तो सापडला २००२ च्या हिवाळ्यात, मिशिगनमध्ये. मी नागपूरहून तिथल्या एका विद्यापीठात इंग्रजीत पीएचडी करायला आले होते. अपार्टमेंटमध्ये माझ्याबरोबर पुण्याच्या दोन इंजिनियर मुली होत्या. "यार, इंग्लिश शिकायला अमेरिकेत कोण येतं?" असं त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि नंतरही ती ते अधूनमधून विचारत राहिली. घरात त्यांच्या प्रोजेक्टची चर्चा अखंड चाले, म्हणून मी ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मुक्काम ठोकला होता. एका गंभीर समीक्षाग्रंथासाठी हात घातला आणि शेजारचं पुस्तक हातात आलं. उभ्याउभ्या दहा पानं वाचली आणि मग खाली फरशीवरच बसले.

त्या कादंबरीत नगरपालिकेची एक समिती आहे. बागेत एक बाक कुठे ठेवायचा हे ठरवायला तिला दोनशे पानं लागतात. उपसमित्या होतात, राजीनामे होतात, एकाची सोयरीक मोडते. मी तोंडावर मफलर दाबून हसत होते. ज्या म्हाताऱ्याने बाक मागितलेला असतो तो रोज कार्यालयात येऊन चौकशी करतो आणि बाहेर उभा राहतो, कारण बसायला काही नसतं. शेवटून तिसऱ्या पानावर तो यायचा बंद होतो. समितीच्या ते लक्षातही येत नाही. माझ्या मात्र आलं, आणि आपण इतका वेळ नेमके कशाला हसत होतो हेही कळलं. हे हलकंफुलकं म्हणे.

दोन वर्षांत मी आठही पुस्तकं दोनदा वाचली. सगळी तिथेच बसून. नागपूरच्या आमच्या वाचनालयात कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. म्हणून अभ्यासाचं घरी न्यायचं आणि आवडीचं तिथेच वाचून संपवायचं, ही शाळेपासूनची सवय. इथे हवी तेवढी पुस्तकं नेता येत होती, तरी ती सवय सुटली नाही. वाचून झालं की मी पुस्तक त्याच्या जागेवर नीट ठेवून यायची.

गावात एक डॉक्टरकाका होते. चाळीस वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर झालेले. ते आणि काकू आम्हा मराठी विद्यार्थ्यांना रविवारी जेवायला बोलवत. एकदा बोलता बोलता मी या लेखकाचं नाव घेतलं आणि काका उष्ट्या हातानेच उठून उभे राहिले. अमेरिकेत येण्याआधी ते चार वर्षं इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात होते. त्या दिवसांत वॉर्डाबाहेर त्यांच्याशी कुणी एक शब्द बोलत नसे. पेशंटांसाठी पुस्तकांची ढकलगाडी फिरायची, तिच्यावर त्यांना हा लेखक मिळाला. खोलीत एकटेच बसून ते हसत. ती पुस्तकं नसती तर आपण परत गेलो असतो, असं त्यांनी सांगितलं. काकूंनाही ते नवीन होतं.

"त्याच्यावर थिसिस लिही," काका म्हणाले. "कुणीतरी लिहायला पाहिजे."

मी लिहिणारच म्हणाले. नुसतं बोलायचं म्हणून म्हणाले नव्हते.

माझे गाइड हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांना हसताना मी पाच वर्षांत पाहिलं नाही. मी दिलेला बारा पानांचा आराखडा त्यांनी चाळला, छान आहे म्हणाले, आणि ज्या सुरात म्हणाले त्यावरूनच मला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्याचं कळलं. विनोदी लेखकावर प्रबंध लिहून नोकरी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय याला वाचतं तरी कोण? निदान आपल्या ग्रंथालयात ही पुस्तकं कुणी हाताळतं का, त्याची नोंद घेऊन या, मग पुढचं बोलू.

मी खुशीत गेले. दोन वर्षं मीच तर हाताळत होते.

काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आठ पुस्तकं, आणि प्रत्येकापुढे शेवटच्या वापराची तारीख. काही तारखा माझ्या जन्माआधीच्या होत्या. मी म्हटलं, हे चुकतंय, मी स्वतः वाचलीत. बाईंनी विचारलं, नेली होतीत का? नाही. टेबलावर ठेवून गेला होतात का? तसं असेल तर आमचे लोक उचलतात, मशीनवर नोंद करतात आणि मग जागेवर लावतात. मी म्हटलं, मी स्वतःच जागेवर ठेवत होते. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. प्रत्येक टेबलावर पाटी होती, वाचलेली पुस्तकं परत कपाटात ठेवू नका. ती पाटी मी रोज पाहत होते. मला वाटायचं, ती भलत्या जागी पुस्तकं खुपसणाऱ्या अडाण्यांसाठी आहे. जिथून घेतलं तिथे ठेव, हात लावलेलाही कळता कामा नये, हे आईने घोटून घेतलेलं. तसंच झालं. कुणाला काही कळलं नाही. आणि कुणी वापरत नाही म्हणून आठही पुस्तकं येत्या उन्हाळ्यात काढून टाकायच्या यादीत गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मशीनचा राग आला, त्या बाईंचा आला, आईचासुद्धा आला. आठही पुस्तकं त्याच दिवशी माझ्या नावावर काढली आणि दोन पिशव्या बर्फातून ओढत घरी आणल्या.

गाइडनी नोंदीचा कागद पाहिला आणि वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मी घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे एक वाचक. मग त्यांनी दुसऱ्या एका इंग्रज कादंबरीकाराचं नाव सुचवलं. ज्याच्या पुस्तकांत तीन पिढ्या निमूट दुःख सोसतात आणि ज्याच्यावर कपाटभर ग्रंथ आहेत असा. त्यात तुमची प्रगती वेगाने होईल, असं ते म्हणाले. मला त्या क्षणी तो कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकायचा होता. पण माझी फी आणि पगार ज्यातून निघे ती असिस्टंटशिप त्यांच्या हातात होती, असिस्टंटशिप गेली की व्हिसा गेला. मी मूग गिळून हो म्हणाले. त्या माणसाने माझा लेखक माझ्याकडून काढून घेतला, असं मी पुढची तीन वर्षं जो भेटेल त्याला सांगत होते. माझ्या रूममेट्सना ते तोंडपाठ झालं होतं.

काकांना मात्र सांगितलं नाही. रविवारी ते विचारत, "कुठपर्यंत आलं आपलं?" मी म्हणायची, चाललंय. ते खूश होऊन आणखी आमटी वाढत.

२००७ च्या मार्चमध्ये माझा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा, होता. मी काकांना बोलावलं नव्हतं. कुणीतरी विद्यार्थ्याने सांगितलं असावं. हॉलमध्ये शिरले तर ते शेवटच्या रांगेत सूट घालून बसलेले. काकू गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन तास मी त्या निमूट सोसणाऱ्या पिढ्यांवर बोलले. कुणी एकदाही हसलं नाही. परीक्षकांनी बाहेर थांबायला सांगितलं, परत बोलावलं, हात मिळवले. गाइडनी मला डॉक्टर म्हणून हाक मारली.

काका कॉरिडॉरमध्ये थांबले होते. त्यांनी अभिनंदन केलं, डोक्यावर हात ठेवला. मग हातमोजे चढवता चढवता म्हणाले, "दोन तास लक्ष देऊन ऐकलं मी. त्याचं नाव नाही आलं कुठे."

"सरांनी तो टॉपिक रिजेक्ट केला, काका," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "माझ्या हातात काही नव्हतं."

"टॉपिकचं नाही म्हणत मी. एखाद्या ओळीत? तळटिपेत?"

मी प्रबंध या हातातून त्या हातात घेतला. काका बरं म्हणाले. पुढे प्रबंधाचं पुस्तक काढीन तेव्हा त्यात त्याचं नाव देईन, असं काहीतरी मी त्यांच्या पाठीला म्हणत राहिले, पण ते पार्किंगकडे निघाले होते. प्रबंध माझ्या हातातच होता. दोनशे ऐंशी पानं, आणि त्यांत त्या माणसाचं नाव एकदाही नव्हतं. सरांनी तळटिपा कधी तपासल्याही नव्हत्या. ती सगळी पानं मी लिहिली होती.