ड्रोन न उडवल्याबद्दल शून्य

नागपूरला विमानतळावर गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षं काढली. आईचं दुखणं वाढलं म्हणून मेहकरला परत आले, तेव्हा ड्रोनचं प्रशिक्षण देणाऱ्या एका कंपनीनं मला तपासणीचं काम दिलं. बचत गटांच्या बायकांना फवारणीचे ड्रोन मिळाले होते आणि त्या ते उडवतही होत्या. कंपनी त्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देणार होती. त्याआधी त्यांना काय येतं, काय येत नाही, हे मी पाहून लिहायचं होतं. आमच्या धंद्यात याला बेसलाइन म्हणतात. आधी दुखणं नीट बघा, मग औषध द्या, इतकी सरळ गोष्ट. या कामावर माझा जीव आहे. म्हणूनच त्या वेळची चीड अजून जात नाही.

तपासणी हिवरा आश्रमाच्या पुढे एका सोयाबीनच्या शेतात होती. कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते. एकेक बाई पुढे येऊन ड्रोन उडवून दाखवत होती. त्यात एक होती, जिला गटातल्या सगळ्या वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. वांगी-मिरची पिकवणारं घर, आवाज खणखणीत. तिनं पंखे हातानं फिरवून पाहिले, बॅटरी दाबून पाहिली, मग मान वर करून चौफेर नजर फिरवली आणि रिमोट खाली ठेवला.

"मी नाई उडवत."

साहेब हसले. "घाबरलात का ताई?"

"घाबराचं काय त्याच्यात? बांधाच्या पल्याड पाहा, बाया तन निंदून राह्यल्या. वारं तिकडंच चाललं. त्यायले आधी उठवा, मंग उडवू."

"अहो, टाकीत नुसतं पाणी आहे. औषध नाही."

"डोक्शावर ड्रोन पडला त पानी काय अन् औषध काय!"

साहेबांनी पुढच्या बाईला बोलावलं. तिला नाही म्हणायचा धीर झाला नाही. ड्रोन वाऱ्यानं हेलकावत निंदणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून गेला, त्या पदर सावरत पळाल्या, आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडून तो उतरवायला लावला.

वहिनीला मी निर्णयाचे पूर्ण गुण दिले. धोका दिसल्यावर उड्डाण थांबवणं हीच आमच्या क्षेत्रातली पहिली शिकवण. बाकीच्या बायकांचंही जे चांगलं दिसलं ते लिहिलं, जे कच्चं होतं तेही लिहिलं.

संध्याकाळी मेहकरच्या बसस्टँडसमोर चहा घेताना साहेबांनी माझा अहवाल चाळला.

"मॅडम, गुण फार वर गेलेत."

"जसं दिसलं तसं लिहिलं."

"सुरुवातच इतकी चांगली दाखवली तर आमच्या प्रशिक्षणानं काय साधलं, हे वरच्यांना काय दाखवू? जरा खाली आणा. कोणाचं काही नुकसान नाही."

मी आजवर झाकलेला कचरा पुष्कळ पाहिला होता. तपासणी येणार म्हटलं की रातोरात रंग मारणारे पाहिले होते. झाडलेल्या अंगणात कचरा टाकून मग झाडूचे पैसे मागणारा माणूस मात्र पहिल्यांदाच समोर बसला होता.

"काऊन नुकसान नाई?" मी म्हणाले. राग आला की माझी बोली आपसूक बाहेर येते. "थ्या बायायचं नाव खराब करून राह्यले तुमी!"

"शांत व्हा," साहेब म्हणाले. माझ्या बोलण्यावर त्यांना हसू येत होतं, ते त्यांनी चहाच्या कपाआड लपवलं. मी एकही गुण बदलला नाही. अहवाल तसाच पाठवला.

प्रशिक्षणाचं उद्घाटन खामगावला एका सभागृहात झालं. खुर्च्या, हार, माईक, सगळं होतं. पडद्यावर तपासणीच्या दिवशीचा एक फोटो आला. वहिनी ड्रोनपाशी उभी, रिमोट जमिनीवर. खाली लिहिलं होतं, 'प्रशिक्षणापूर्वी: ड्रोन उडवता आला नाही. सुरक्षेची जाणीव शून्य.' आणि त्याखाली तपासनीस म्हणून माझं नाव.

वहिनी तिसऱ्या रांगेत होती. ती उठली आणि सरळ माझ्याकडे वळली.

"बाई, हे तुमी लिवलं?"

"नाही," मी उभी राहिले. "मी पूर्ण गुण दिले होते. हे यांनी बदललं. हिनं उडवला नाही कारण शेजारी माणसं होती!"

कोणीतरी म्हणालं, कार्यक्रम झाल्यावर बोलू. मी बोलतच राहिले. तेवढ्यात स्टेजवरून कोणीतरी बँडची धून मोठ्यानं लावली. माझा आवाज त्यात बुडाला. फोटो पुढे सरकला, जेवणं झाली, लोकांनी जिलेबी दोनदा मागून घेतली.

मी कंपनीकडे तक्रार केली, कृषी कार्यालयात केली. उत्तर आलं, 'आपल्या मुद्द्याची नोंद घेण्यात आली आहे.' मला पुढचं काम मिळालं नाही, त्याचं काही वाटलं नाही. पण गावात तो फोटो मोबाइलवर फिरला. "तुले त काईच येत नव्हतं म्हन्ते वं," असं वहिनीचा दीर चारचौघांत म्हणाला. शेतकरी फवारणीला तिला बोलवेनासे झाले. कंपनीचे पोट्टे येऊन फवारून जाऊ लागले.

मी तिच्या गावी गेले. समाजमंदिरासमोर लोक बसले होते, तिथं माझा मूळ अहवाल मोठ्यानं वाचला. कोणी फारसं हललं नाही. मग मागून एक म्हातारी बाई उठली. ती त्या दिवशी निंदायला होती.

"थो ड्रोन माया डोक्शावरून गेला. कान बसले व्हते माये. हिनं नाई उडवला म्हून मी हिले शहानी म्हंतो. तुमाले का म्हनाचं थे म्हना."

त्यानंतर हळूहळू बोलावणी येऊ लागली. सगळ्यांची नाही. काहींची.

वहिनी मला सोडायला फाट्यापर्यंत आली. एस.टी. येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मला वाटलं, ती आता काहीतरी बरं बोलेल.

"काम येऊन राह्यलं, ताई," ती म्हणाली. "पन थो फोटो कोनाकोनाच्या मोबाइलमंदी हाय? थो कोन काढन?"

तिचा राग माझ्यावर नव्हता, पण समोर मीच होते.